इलेक्ट्रिक छोटा ट्रक गोव्यात परवडतो का? वर्षभर माल वाहिल्यानंतरचा अनुभव

आमचा म्हापशात घाऊक किराण्याचा धंदा आहे. मैदा, साखर, तेलाचे डबे, हॉटेलांना लागणारं सामान, असा माल बार्देश आणि पेडण्यातल्या दुकानांत, बेकऱ्यांत आणि किनारपट्टीवरच्या हॉटेलांत रोज पोचवावा लागतो. त्यासाठी गेल्या उन्हाळ्यात एक टन माल नेणारा इलेक्ट्रिक ट्रक घेतला. तेवढ्याच मापाचा जुना डिझेल ट्रकही अजून चालू आहे, म्हणून दोघांचा हिशेब रोज शेजारी शेजारी लागतो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं या वजनाच्या कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीला लागू पडतं.

निष्कर्ष आधीच सांगतो. तुमची रोजची धाव ६० किलोमीटरच्या आत असेल तर घेऊ नका, जास्तीचे पैसे वसूल होणार नाहीत. ११०च्या पुढे असेल तरीही घेऊ नका, गाडी पोचणार नाही. या दोन आकड्यांच्या मध्ये असाल आणि गाडी रोज रात्री घरी येत असेल, तर आणखी एक डिझेल ट्रक घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे, असं माझं ठाम मत झालंय.

हिशेब असा. बॅटरी २१ युनिटांची. कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जमधली धाव, १६० किलोमीटरच्या आसपास, पण भरलेल्या मालासह, दुकानागणिक थांबत, आमच्या चढउतारांच्या रस्त्यांवर ती १०५ ते ११५ पडते. चार्जरमधली गळती धरून पूर्ण चार्जला साधारण २४ युनिट जातात. आमच्या जोडणीला युनिट सहा रुपयांच्या आत पडतं, म्हणजे किलोमीटरला सव्वा ते दीड रुपया. डिझेल गोव्यात ८८ रुपयांच्या आसपास आणि जुना ट्रक भरलेला असताना लिटरला सोळा-सतरा किलोमीटर देतो, म्हणजे सव्वापाच रुपये. रोज ९० किलोमीटर धरले तर महिन्याला आठ-साडेआठ हजार वाचतात. ऑइल, फिल्टर, क्लच हा खर्चच नाही. ब्रेकचे लायनर अजून पहिलेच आहेत, कारण पाय उचलला की मोटरच गाडी ओढून धरते आणि बॅटरीत थोडा करंट परत भरते. पण गाडीची किंमत डिझेलच्या जवळपास दुप्पट आहे आणि कर्जाचा हप्ताही त्याच मापाचा. फरक भरून निघायला चार-साडेचार वर्षं लागतील. धाव निम्मी असेल तर हीच मुदत आठ-नऊ वर्षांवर जाते, तोवर बॅटरीची वॉरंटीही संपलेली असेल.

गोव्याचा आकार इथे आपल्या बाजूने आहे. उत्तरेच्या पत्रादेवीपासून दक्षिणेच्या पोळेपर्यंत सगळं राज्य सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरचं. म्हापशाहून मडगावला जाऊन परत येणं आरामात होतं, सावंतवाडीसुद्धा होते. नव्या झुआरी पुलामुळे कुठ्ठाळीची रांग गेली, हा मोठा दिलासा आहे. रांगेत उभं राहून इलेक्ट्रिक गाडीचा फारसा करंट जात नाही, पण माणसाचा दिवस जातो. दक्षिण टोकाचं काणकोण मात्र होत नाही. जाताना करमल घाटाचा चढ आहे, आणि परतीला मडगावच्या आसपास कुठे तरी तासभर फास्ट चार्जिंगला थांबावंच लागतं. तिकडची पोच अजून डिझेलवरच आहे.

बेळगावचं तर नावच काढू नका. चोर्ला घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर वर नेतो. भरलेली गाडी दोन टनांच्या वर. एवढं वजन तेवढ्या उंचीवर चढवायलाच बॅटरीतला जवळपास पाव हिस्सा खर्च होतो, रस्त्याची धाव वेगळीच. उतरताना काही परत मिळतं, पण ते परतीच्या दिवशी. बेळगावहून येणारी भाजी या मापाच्या इलेक्ट्रिक गाडीतून येईल, असं कोणी सांगत असेल तर त्याने एकदा भरलेली गाडी घेऊन घाट चढून दाखवावा.

आता चार्जिंग. याबद्दल शोरूममध्ये कोणी धड सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी रात्री साध्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर लावली की सात-आठ तासांत भरते. पण एप्रिल-मेमध्ये चार्जर वारंवार लाल दिवा दाखवून बंद पडू लागला. सर्व्हिसवाल्यांनी दोनदा गाडी नेली, गाडीत दोष सापडला नाही. शेवटी आमच्या जुन्या वायरमनने कारण शोधलं. आपली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती कोरडीठाक झाली की अर्थिंगला धड वाट मिळत नाही, आणि चार्जर सुरक्षेसाठी करंट घेणंच नाकारतो. पंखा, फ्रिज चालतात, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही. खोल खड्डा काढून पाइप, कोळसा, मीठ घालून स्वतंत्र अर्थिंग केलं, उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओततो. तेव्हापासून तक्रार नाही. गाडी बुक करण्याआधी अर्थिंग तपासून घ्या, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

पावसाळ्यात दुखणं वेगळं. पाण्याला गाडी घाबरत नाही. बॅटरी आणि मोटर आयपी ६७ दर्जाच्या आहेत, साचलेल्या पाण्यातून कधी अडचण आली नाही. पण जूनमधल्या पहिल्या वादळात झाड पडून लाइन गेली की रात्रभर चार्जिंग नाही. सकाळी बॅटरी अर्धी आणि हॉटेलांचे फोन सुरू. म्हणून आम्ही आता संध्याकाळी गाडी आली की लगेच लावतो, मध्यरात्रीची वाट बघत नाही.

आमचे ड्रायव्हर पन्नाशीचे, आयुष्य डिझेलवर गेलेलं. सुरुवातीला त्यांचा विरोध होता, आज जुन्या ट्रकवर बसायला सांगितलं की नाराज होतात. गिअर नाही, क्लच नाही, केबिन तापत नाही, संध्याकाळी पाय दुखत नाहीत. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामामुळे वर्षभर जी कोंडी सोसली, त्यात हे फार जाणवलं. पहाटे कळंगुट-कांदोळीच्या गल्ल्यांत हॉटेलच्या मागच्या दाराला गाडी लावली तरी कोणाची झोप मोडत नाही. उलट शुक्रवारच्या बाजारात गाडी मागे घेताना लोकांना तिचा आवाजच येत नाही, तिथे हॉर्न वाजवत, माणूस उभा करूनच मागे यावं लागतं. ओव्हरलोडची सवय असलेल्यांसाठी एक गोष्ट: एक टनाच्या गाडीत दीड टन भरला तर डिझेलचा ट्रक नुसता कण्हतो, इथे रेंज डोळ्यांदेखत उतरते. पन्नास किलोच्या वीस गोणी म्हणजे वीसच.

कागदपत्रांचं सोपं आहे. हिरवी पाटी, पिवळी अक्षरं. २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेमुळे परमिट लागत नाही, थर्ड पार्टी विम्यातही सवलत आहे.

आता आमच्या डिचोलीकडच्या लोकांसाठी थोडं. माझे नातेवाईक लोहखनिजाच्या खाणींच्या ट्रकधंद्यात होते. २०१२ला खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ला परत बंद, आणि टिपर अंगणात गंजत राहिले. लिलावानंतर २०२४मध्ये डिचोलीचा पट्टा सुरू झाला तेव्हा पुन्हा तेच डिझेल, तीच धूळ. मला वाटतं, इलेक्ट्रिक अवजड ट्रकला गोव्यात याहून योग्य काम नाही. खाणीवरून आमोणा, सारमानसच्या जेटीपर्यंत ठरलेला छोटा रस्ता. भरलेला ट्रक डोंगरावरून नदीकडे उतरतो, रिकामा वर चढतो, म्हणजे वजन असताना बॅटरी भरते आणि नसताना खर्च होते. स्वित्झर्लंडमध्ये बीलजवळच्या चुनखडीच्या खाणीत ६५ टन माल घेऊन उतरणारा इलेक्ट्रिक डंपर याच तत्त्वावर चालवला गेला आहे. आपले चढ तेवढे नाहीत, पण खर्च मोठ्या प्रमाणात कमी होईल हे नक्की.

शिवाय पैसे उभे करायचा मार्गही आहे. माझ्यासारख्या छोट्या गाडीला केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं ट्रकचं अनुदान मिळत नाही, ते साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकना आहे. जुलै २०२५मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये, आणि अट एकच मोठी: जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र. अंगणात गंजलेले टिपर आपल्याकडे भरपूर आहेत. ट्रकमालक संघटनांनी खाणकंपन्यांकडे दर वाढवून मागताना जेटीवर चार्जिंगची सोय आणि इलेक्ट्रिक ट्रकना पाच वर्षांच्या कामाची लेखी हमीही मागावी. हमी नसेल तर कुठलीही बँक एवढं कर्ज देणार नाही, आणि २०१८ नंतर कर्जाचे हप्ते कोणाच्या गळ्याशी आले होते हे डिचोली-सत्तरीत कोणाला सांगावं लागत नाही.