एसक्यूएलअल्केमी: जोडलेल्या टेबलांसाठी पारखून पाहिलेली लायब्ररी

माईक बायर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली एसक्यूएलअल्केमी ही डेटाबेसमधील नोंदी पायथॉनच्या वस्तूंच्या रूपात हाताळू देणारी मुक्तस्रोत लायब्ररी डेटा मॅपर, म्हणजे वस्तू आणि तिचे जतन वेगळे ठेवणाऱ्या, रचनेवर उभी आहे. जँगो किंवा रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये नोंद स्वतःच स्वतःला जतन करते; येथे मात्र ते काम सेशनकडे असते. सेशन सर्व बदल गोळा करते, परकीय कळांवरून (एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यांवरून) त्यांचा क्रम लावते आणि मगच ते डेटाबेसकडे पाठवते. टेबले परस्परांत गुंतलेली असली की या व्यवस्थेचे मोल कळते, कारण आधी कोणती नोंद घालायची याची काळजी आपल्याला वाहावी लागत नाही.

खरी परीक्षा वाचनाच्या वेळी होते. वाचनालयाच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये सभासद, पुस्तके आणि देवघेव अशी तीन टेबले आहेत असे समजा. देवघेवीच्या ५० नोंदी दाखवताना प्रत्येकीसमोर सभासदाचे नाव हवे असेल, तर मूळच्या लेझी लोडिंगमुळे, म्हणजे संबंधित माहिती वाचायच्या क्षणीच आणण्याच्या पद्धतीमुळे, यादीची एक क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) आणि, सभासद वेगवेगळे असल्यास, आणखी ५० क्वेरी होतात. विकासकाच्या संगणकावर मोजक्याच नोंदी असल्याने हा दोष दिसत नाही, आणि म्हणूनच तो थेट वापरकर्त्यांपर्यंत पोहोचतो. यावर एसक्यूएलअल्केमी जॉइन्डलोड आणि सिलेक्टइनलोड असे दोन मुख्य उपाय देते. देवघेवीकडून सभासदाकडे जाताना जॉइन्डलोड चांगले, कारण दोन्ही टेबले जोडणाऱ्या एकाच क्वेरीत, म्हणजे जॉइनमध्ये, काम होते. परंतु सभासदाकडून त्याच्या सगळ्या देवघेवींकडे जाताना तेच वापरले, तर प्रत्येक ओळीत सभासदाची माहिती पुन्हा पुन्हा येते, आणि दोन संग्रह एकदम जोडले तर ओळींचा गुणाकार होतो. तेथे संबंधित नोंदी वेगळ्या क्वेरीने एकत्रच आणणारे सिलेक्टइनलोडच घ्यावे.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते रेझलोड. न मागितलेले नाते कोडने वाचू पाहिले की ते त्रुटी देते, त्यामुळे चुकून जाणारी क्वेरी चाचणीतच पकडली जाते. हे मुळापासून लागू असायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

उणिवाही आहेत. कमिट झाल्यावर, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्के झाल्यावर, सेशन वस्तूंमधील माहिती जुनी मानते, म्हणून पुढच्या वाचनाला नवी क्वेरी जाते, आणि सेशन बंद झालेले असेल तर त्रुटी येते. नवशिक्याला ही वर्तणूक उमगायला वेळ लागतो. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या २.० आवृत्तीने सिलेक्टने क्वेरी लिहिण्याची नवी शैली रूढ केली असली, तरी जुन्या शैलीची उदाहरणे सर्वत्र आढळतात.

या लायब्ररीवर टेबलागणिक एक रिपॉझिटरी (त्या टेबलाचे वाचन-लेखन सांभाळणारा वर्ग) रचण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. देवघेवीच्या पानाला तिन्ही टेबले एकत्र लागतात, आणि वेगळ्या रिपॉझिटऱ्यांमुळे जॉइन करण्याची संधीच हातची जाते. वापरकर्त्याच्या कामागणिक, म्हणजे पुस्तक देणे किंवा थकबाकी पाहणे यांसाठी, एकेक फंक्शन लिहावे आणि काय काय आणायचे ते तेथेच ठरवावे.

जँगोचे अ‍ॅडमिन, म्हणजे त्याची तयार व्यवस्थापन पाने, वापरणाऱ्यांनी ते सोडून इकडे येण्याची गरज नाही. संबंधित नोंदी आधीच आणणारे जँगोचे सिलेक्ट रिलेटेड आणि प्रीफेच रिलेटेड त्यांना पुरतात. फ्लास्क किंवा फास्टएपीआय या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर काम करणाऱ्यांना मात्र मी एसक्यूएलअल्केमीच सुचवेन, आणि स्कीमातील, म्हणजे टेबलांच्या रचनेतील, बदलांसाठी सोबत अलेम्बिक हे साधन.