तांब्याच्या भावात रंग

आमची ॲम्बेसेडर मार्क-थ्री, 1978 ची. बाबांनी कापसाच्या पैशात सेकंडहँड घेतली होती आणि ते असेपर्यंत ती कधी रस्त्यात उकळली नाही. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं. बोअरचं पाणी असं की चहात टाकलं तर दूध फाटतं. बाबा पावसाचं पाणी कॅनमध्ये धरून ठेवायचे आणि रेडिएटरमध्ये तेच ओतायचे. त्यांच्यामागे मी दोन वर्षं सरळ बोअरची नळी लावली. नळ्यांमध्ये क्षार बसले, खालच्या टाकीच्या जोडातून थेंब गळायला लागला आणि मार्चपासून तापमानाचा काटा वर चढू लागला. इथवरची चूक माझी.

मेच्या शेवटी भाच्याचं लग्न होतं आणि नवरदेव मामाच्या ॲम्बेसेडरमधूनच मारुतीच्या देवळात जाणार, हे त्याने स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. म्हणून घाई. मोबाईलवर जुन्या गाड्यांचे रेडिएटर बनवणाऱ्या एका दुकानाचे व्हिडिओ दिसले. दुकान मोठ्या शहरातलं, नाव लिहीत नाही. फोन केला, तर पलीकडचा पोरगा इतका अदबीने बोलला की मी फोनवरच अर्धा विकला गेलो.

दुकानात त्याने बॉनेट उघडलं, जाळीवरून हात फिरवला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "काकाजी, हे आता डाख लावून (कथलाने सांधून) चालणार नाही. जाळीच गेली. ओरिजिनल तांब्याची चार लाईनची, म्हणजे नळ्यांच्या चार ओळींची देतो, नवतपा (मेअखेरचा कडक उन्हाळा) असो की काही असो." मी म्हटलं, तांब्याचीच कशावरून? त्याने खिशातून किल्ली काढली आणि नव्या रेडिएटरच्या कोपऱ्यावर काळ्या रंगावर एक रेघ ओढली. आतून लालसर चमक दिसली. त्या एका रेघेवर मी 14,500 रुपये दिले.

वर त्याने पंखाही गळ्यात मारला. पाण्याच्या पंपावरचा लोखंडी पंखा इंजिनची ताकद खातो, तो काढू, पुढे इलेक्ट्रिक लावू, ॲव्हरेज वाढेल. स्टिकरवर 14 इंच, 80 वॅट. त्याचे 4,200. आणि जुना रेडिएटर? "तो इथंच राहू द्या, तुमच्या काय कामाचा, त्याचे पाचशे कमी करतो." मी पाचशे कमी झाले म्हणून खूशच झालो. फिटिंग त्यांच्याच पोरांनी केली. नवा रेडिएटर मी हातात घेतलाच नाही. घेतला असता तर कदाचित तिथंच शंका आली असती.

घरी येताना गाडी छान चालली. संध्याकाळची हवा, मोकळा रस्ता, साठचा वेग. असल्या वेळी कोणताही रेडिएटर चालतो.

वरात निघाली तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढे बँड, मध्ये नाचणारी पोरं, मागे पहिल्या गिअरमध्ये रांगणारी आमची गाडी. हेडलाईट चालू, पंखा चालू. तासाभराने दिवे पिवळे पडायला लागले. मग पंख्याचा आवाज बदलला, थकल्यासारखा. काटा लालमध्ये. मी उतरून बॉनेटला हात लावणार तोच फस्सकन आवाज झाला आणि वरच्या टाकीच्या जोडातून वाफेचा फवारा उडाला. घोड्यावर बसला असता तर बरं झालं असतं, असं भाच्याची आत्या मोठ्याने म्हणाली. नवरदेव शेवटी चुलत्याच्या बोलेरोत बसून देवळात गेला.

तिसऱ्या दिवशी गाडी टो करून अंजनगावला नेली. तिथे एक म्हातारे चाचा आहेत, आयुष्यभर रेडिएटरला डाख लावण्याचंच काम करणारे. त्यांनी रेडिएटर खाली उतरवला, दोन्ही हातांत तोलला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मी म्हटलं, हलका आहे. "मग? तांबं असं असते का बाबू?" असं म्हणून त्यांनी कानस घेतली आणि किल्लीच्या त्या रेघेवरच जोरात घासली. काळ्याखाली लाल आणि लालच्या खाली पांढरं. वर काळा रंग, आत तांब्याच्या रंगाचा एक हात आणि त्याखाली ॲल्युमिनियम. गिऱ्हाईक खरवडून पाहणार हे धरूनच रंगाचे दोन थर दिले होते. इतकं डोकं चालवणाऱ्या माणसाने खरा रेडिएटर केला असता तरी त्याचं भागलं असतं.

टाक्या लोखंडी, लोहचुंबक चटकन चिकटला. जाळी कोणत्यातरी भंगार गाडीची, आणि टाकीशी जोड एपॉक्सीने भरलेला. त्यावर चाचांनी डाख लावून दाखवला, तो थेंबाथेंबाने ओघळून गेला. साधा डाख ॲल्युमिनियमला धरत नाही. मग झाकणाच्या तोंडातून टॉर्च मारून म्हणाले, मोज. नळ्यांच्या ओळी दोनच होत्या. हे मला दुकानातही मोजता आलं असतं, पण झाकण उघडायचं सुचलंच नाही. आणि झाकणही चुकीचं होतं. या जुन्या गाड्यांना अर्ध्या बारच्या आसपासचं झाकण पुरतं, त्याने 0.9 चं लावलं होतं. प्रेशर वाढलं की पाणी उशिरा उकळतं हे खरं, पण ते प्रेशर एपॉक्सीच्या जोडाने सोसायचं होतं.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. तांब्यातून उष्णता जास्त वाहते, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात. पूर्ण वेल्डिंग केलेला चांगल्या बनावटीचा असेल तर तो आरामात चालतो. मला तो ॲल्युमिनियम म्हणून विकला असता तर भांडण नव्हतं.

पंख्याचं गणित चाचांच्या पोराने मांडलं. त्याच्याकडे क्लँप मीटर होता. स्टिकरच्या 80 वॅटने 12 व्होल्टला जेमतेम 7 अँपियर व्हायला हवेत. मीटरने 12 दाखवले. हेडलाईटचे नऊ-दहा, इग्निशन कॉईलचे तीन-चार, म्हणजे एकूण 25 च्या घरात. आमच्या गाडीला अल्टरनेटर नाही, जुना डायनामो आहे. तो पळत्या इंजिनवर फार तर 22 देतो आणि वरातीच्या चालीवर जवळपास काहीच नाही. म्हणजे तासभर सगळं बॅटरीवर चाललं होतं. बॅटरी बसली, पंखा मंदावला, पाणी उकळलं. वर तो पंखा मुळात जाळीच्या मागे बसून हवा ओढणारा. त्याने तो पुढे लावून वायर उलटी जोडली होती. पंखा उलटा फिरतो, पण पात्यांचा बाक उलटत नाही, म्हणून हवा निम्मीच. जुना लोखंडी पंखा बेल्टवर फिरत होता, त्याला बॅटरीशी काही देणंघेणं नव्हतं. डायनामोच्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा लावायचाच असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, आणि काढलेला पंखा घरी आणा. माझा तिथंच राहिला.

मी दुकानात फोन केला. आधी म्हणाला, तुम्हीच खारं पाणी भरलं असेल. मग म्हणाला, तांबं असं मी कधी म्हणालो? पावती काढून पाहिली. एस्टिमेटची चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही, आणि अक्षरं फक्त इतकी: रेडिएटर 1, पंखा 1. शेवटी मी म्हटलं, निदान माझा जुना रेडिएटर तरी परत द्या. तेव्हा तो पहिल्यांदा खरं बोलला असावा. "तो तर त्याच दिवशी गेला, काकाजी."

चाचांना हे सांगितलं तर ते चिडले, माझ्यावर. जुना रेडिएटर अस्सल तांब्या-पितळेचा होता. टाक्या उघडून नळ्यांमधून सळी फिरवायची, क्षार काढायचे, जोडाला डाख, पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासणी. दीड हजारात काम होतं. आणि काहीच करता आलं नसतं तरी भंगारात त्याचे चार-पाच हजार कुठे गेले नव्हते. पाचशेत मी तो सोडून आलो. त्या दुकानाची खरी कमाई नवा रेडिएटर विकण्यात जेवढी आहे, तेवढीच जुना ठेवून घेण्यात असणार, असं आता मला वाटतं.

परतवाड्याहून एका मोडीत काढलेल्या ॲम्बेसेडरच्या पितळी टाक्या मिळाल्या. चाचांनी त्यावर तीन लाईनची नवी जाळी चढवली. 9,500 लागले. लोखंडी पंखाही त्याच गाडीचा. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरतो, बोअरचं पाणी फक्त काच धुवायला.

ग्राहकांच्या 1915 या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. दुकान दुसऱ्या जिल्ह्यातलं असलं तरी मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, मुदत 2 वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हातात यूपीआयची नोंद आहे, त्यांच्या व्हिडिओची कॉपी आहे, चाचांनी लिहून दिलेला कागद आहे. तो रंगवलेला रेडिएटर पोत्यात गुंडाळून गोठ्यात ठेवला आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, पण निकाल लागेपर्यंत तो विकायचा नाही.