‘ताई, क्लॅम्प घट्ट करा’ : यार्न वाइंडर घेताना माझी फसवणूक कशी झाली

हे लिहायला मला उशीरच झालाय खरं तर. पण गेल्या आठवड्यात विणकाम करणाऱ्या एका मैत्रिणीने मला विचारलं की हाताने फिरवायचा यार्न वाइंडर, म्हणजे लोकरीचा गुंडा करायचं छोटं यंत्र, घ्यायचाय, हा कसा वाटतो बघ, आणि तिने जो फोटो पाठवला तो बघून माझ्या पोटात गोळा आला. तोच फोटो, तेच चकचकीत गिअर, तोच निळ्या लोकरीचा भलामोठा केक (चपटा गुंडा), फक्त विकणाऱ्याचं नाव वेगळं. म्हणून आज सगळं सविस्तर सांगतेय, लांबलचक होईल पण पूर्ण वाचा प्लीज.

ज्यांनी वाइंडर वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चांगली लोकर बऱ्याचदा लडीत, म्हणजे सैल मोठ्या वेटोळ्यात येते आणि लडीतून थेट विणायला घेतलं की गुंता ठरलेला, त्यामुळे आधी गुंडा करावा लागतो. १०० ग्रॅम बारीक लोकर म्हणजे साधारण ४०० मीटर दोरा, तो हाताने गुंडाळायचा म्हणजे खांदे भरून येतात. वाइंडर टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसवायचा, दोरा तारेच्या गाइडमधून ओवून त्याचं टोक शंकूच्या वरच्या खाचेत अडकवायचं आणि हँडल फिरवायचं. शंकू तिरका असतो, तो स्वतःभोवतीही फिरतो आणि खालच्या तबकडीबरोबरही फिरतो, त्यामुळे दोरा आडवातिडवा बसत जातो आणि चपटा केक तयार होतो. तो उभा राहतो, घरंगळत नाही, आणि मधलं टोक ओढून विणता येतं. इतकं साधं यंत्र आहे, म्हणून मला वाटलं यात काय फसवणार कोणी.

मी ज्या साइटवरून तो मागवला तिथल्या जाहिरातीत लिहिलं होतं २५० ग्रॅम क्षमता, धातूचे गिअर, एकदम नवीन. साधे छोटे वाइंडर १०० ग्रॅमच्या आसपासच गुंडाळतात आणि मला मोठे केक हवे होते कारण भाच्याचा स्वेटर घेतला होता विणायला आणि मध्ये मध्ये जोड नको होते. खाली भरपूर चांगले रिव्ह्यू होते. आता परत जाऊन वाचले तेव्हा लक्षात आलं की एकाही फोटोत शंकूवर लोकर नाहीये. सगळे बॉक्सचे फोटो, टेबलावर नुसत्या ठेवलेल्या वाइंडरचे फोटो, ‘छान पॅकिंग’, ‘लवकर मिळाला’. वापरून बघितल्यासारखं एकही वाक्य नाही. हे मी आधी बघायला हवं होतं.

पार्सल आलं त्याच दिवशी विकणाऱ्या माणसाचा मेसेज आला, साइटवरच्या चॅटमध्ये नाही, थेट माझ्या फोनवर. ‘ताई, मिळालं का? काही अडलं तर इथेच विचारा, साइटवर मला मेसेज उशिरा दिसतात.’ मला खरंच बरं वाटलं. इतकी आपुलकीने चौकशी कोण करतं आजकाल? पण पुढे सगळा घोळ झाला तो याच एका मेसेजमुळे, कारण त्यानंतरचं आमचं एकही बोलणं साइटवर नव्हतं.

पहिला ५० ग्रॅमचा गुंडा मस्त झाला. दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅमची लड लावली आणि अर्ध्याच्या जरा पुढे गेल्यावर आतून कट कट असा आवाज यायला लागला, हँडल फिरतंय पण शंकू जागच्या जागी, मग एकदम झटका देऊन पुढे. केक एका बाजूला कलला, वरचे वेढे घसरले आणि दोरा शंकूच्या खाली जाऊन दांड्याला करकचून गुंडाळला गेला. तो कात्रीने कापून काढावा लागला.

मी त्याला लगेच व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘ताई, क्लॅम्प घट्ट करा, वाइंडर हलला की असंच होतं.’

आता बघा, ही गोष्ट खोटी नाहीये. क्लॅम्प सैल असेल तर वाइंडर खरंच डुगडुगतो आणि केक वाकडा होतो. कडा गोल असलेल्या टेबलावर तो धड बसत नाही, टेबल जास्त जाड असेल तर क्लॅम्पच्या जबड्यात मावतच नाही, आणि खाली रबराचा तुकडा किंवा जाड कापड ठेवलं तर पकड चांगली येते. मी हे सगळं केलं. दोन दिवस वापरून बघा म्हणाला, बघितलं. कट कट तशीच.

मग म्हणाला लोकर खरखरीत असेल, बारीक लोकर लावून बघा. बारीक लावली, तरी तेच. मग म्हणाला लड नीट धरलेली नसेल, झटके बसत असतील. यातही तथ्य आहे, लड स्विफ्टवर (लड धरून गोल फिरणारी चौकट) किंवा कोणाच्या तरी दोन हातांवर मोकळी फिरली पाहिजे, खुर्चीच्या पाठीवर अडकवलेली लड अडत अडत सुटते आणि प्रत्येक अडणं वाइंडरला जाणवतं. मी बहिणीला तासभर दोन्ही हात पुढे करून बसवलं, तिचे हात भरून आले बिचारीचे. कट कट तशीच. मग सर्वात वाईट सल्ला दिला त्याने. ‘ताई, तुम्ही दोरा सैल सोडताय, वेढे घसरतात म्हणून गिअरवर लोड येतो, जरा ताणून धरा.’

मी ताणून धरला.

जी कोणी नवीन शिकतेय तिने हे नीट वाचा. लोकर स्प्रिंगसारखी असते, ताणून गुंडाळली तर ती ताणलेल्या अवस्थेतच केकमध्ये बसून राहते, तुम्ही ती तशीच विणता, टाके मोजून बरोबर येतात, माप बरोबर येतं, आणि पहिल्या धुण्यात ती आपल्या मूळ लांबीवर येते आणि कपडा आखडतो. कापसाच्या दोऱ्याला इतका फरक पडत नाही, लोकरीला पडतो. दोरा गाइडमध्ये जायच्या आधी बोटांतून नुसता सरकला पाहिजे, आवळून धरायचा नाही, आणि झालेला केक दाबला तर उशीसारखा दबला पाहिजे. भाच्याच्या स्वेटरची पहिली बाही मी हाताने केलेल्या गुंड्यातून विणली होती आणि दुसरी या वाइंडरच्या केकमधून. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, सुया त्याच. धुऊन वाळत घातल्यावर शेजारी शेजारी ठेवल्या तर दुसरी बाही २ सेंटीमीटरने आखूड. मी कितीतरी वेळ टेप लावून लावून मोजत बसले होते, विश्वासच बसत नव्हता.

तोपर्यंत काय झालं होतं ते सांगते. परत करायची मुदत होती १० दिवस. प्रत्येक सल्ल्यानंतर ‘दोन दिवस वापरून बघा आणि सांगा’. क्लॅम्पचे दोन दिवस, लोकरीचे दोन, लडीचे दोन, ताणाचे दोन, शेवटी ‘गिअरला थेंबभर तेल सोडून बघा’ चे दोन. करा हिशोब. अकराव्या दिवशी मी लिहिलं की दादा, नाही जमत, परत घ्या. त्याच मिनिटाला भाषा बदलली. ताई गेलं, मॅडम आलं. ‘मॅडम, मुदत संपली आहे. तुम्ही जास्त लोड दिल्याने गिअर खराब झालेला दिसतो. नवीन मेटल गिअर सेट पाठवतो, त्याचे वेगळे पैसे लागतील.’

आणि मी भरले पैसे. कारण १० दिवसांत त्याने माझ्या डोक्यात पक्कं बसवलं होतं की चूक माझ्या हाताची आहे. इतकी वर्षं विणतेय मी, तरी मला खरंच वाटायला लागलं होतं की मला साधं हँडल फिरवता येत नाही. यात पैसे गेल्यापेक्षा हे जास्त लागलं मला.

गिअर सेट आलाच नाही. आज येईल, उद्या येईल, कुरिअरवाल्याकडे अडकलंय. आणि मग मेसेज वाचून उत्तर देणं बंद.

पहिल्या दिवशीच त्याने बजावलं होतं की वाइंडर उघडू नका, वॉरंटी जाईल. आता कसली वॉरंटी, म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. खालचे चार स्क्रू काढले, त्यातल्या एकाची खाच आधीच झिजलेली होती, म्हणजे कोणीतरी आधी उघडलेला होता हे तिथेच कळलं. झाकण उचललं. बाहेरच्या फटीतून जे चंदेरी गिअर दिसायचे ते समोर होते. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. तेवढ्यावरून काही ठरत नाही, पितळ आणि ॲल्युमिनियमलाही लोहचुंबक चिकटत नाही. म्हणून बारीक सुईचं टोक घेऊन दाताच्या कडेला हळूच खरवडलं आणि चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला, खाली पांढरं प्लास्टिक. मोठ्या गिअरचे तीन दात झिजून गोल झालेले आणि एका दाताच्या मुळाशी पिवळट गोंद, तुटलेला दात चिकटवलेला होता चक्क. आणि दांड्याच्या तळाशी, जिथे माझा दोरा अडकला होता त्याच्याही खाली, लाल लोकरीचे चार-पाच वेढे. गच्च बसलेले, तेलाने काळपट झालेले. लाल लोकर मी या वाइंडरवर कधी लावलीच नाही.

म्हणजे माझ्या आधी कोणीतरी हा विकत घेतला होता, तिचाही दोरा असाच खाली गेला होता, तिच्याकडून तो परत आला आणि दात चिकटवून नवीन म्हणून मला पाठवला. ती लाल लोकर चिमट्याने सोडवताना माझे हात थरथरत होते. कोण असेल ती, तिलाही असंच सांगितलं असेल का की तुमचाच हात बरोबर नाही?

एक गोष्ट मुद्दाम सांगते, प्लास्टिकचे गिअर असणं हा काही गुन्हा नाही. चांगले नायलॉनचे गिअर वर्षानुवर्षं चालतात आणि धातूपेक्षा आवाजही कमी करतात. धातू सांगून रंगवलेलं प्लास्टिक देणं, १०० ग्रॅमच्या यंत्रावर २५० लिहिणं आणि वापरलेलं नवीन म्हणून विकणं, ही फसवणूक आहे.

साइटकडे तक्रार केली तर त्यांनी चॅट मागितलं. साइटवरच्या चॅटमध्ये काहीच नाही. फोनवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवले, तर म्हणे ते आम्ही धरत नाही, आणि मुदत संपल्यावर तक्रार आली म्हणून केस बंद. गिअर सेटचे पैसे तर मी त्याला थेट पाठवले होते, त्याची तिथे नोंदच नाही.

आता कोणी घेत असाल तर पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण भार देऊन बघा, लहान गुंड्यावर समाधान मानू नका, माझा ५० ग्रॅमचा पण छानच झाला होता. खालच्या फिरत्या तबकडीवर मार्करने एक रेघ मारा, रिकामं असताना हँडल सावकाश २० वेळा फिरवा आणि रेघ किती वेळा समोर आली ते मोजा, मग केक भरत आला की परत २० वेळा फिरवून मोजा. गिअर धड असेल तर आकडा बदलणार नाही, कारण दाताला दात लागलेला असतो. आकडा कमी आला तर गिअर सटकतोय, त्याचा क्लॅम्पशी, लोकरीशी, तुमच्या हाताशी काहीएक संबंध नाही. तो व्हिडिओ साइटच्या चॅटमध्येच टाका आणि त्याच दिवशी परतीचा अर्ज करा, सल्ले नंतर ऐका. दांड्याच्या तळाशी टॉर्च मारून बघा, आधीचा दोरा अडकलेला दिसतो. आणि कोणी म्हणालं साइटवर नको, फोनवर बोलू, तर नाही म्हणा. मला ते तेव्हा म्हणता आलं नाही.

मैत्रिणीने ऑर्डर दिलेली नव्हती अजून, तेवढं वाचलं. तो लाल दोरा आणि चिकटवलेल्या दाताचा गिअर मी एका पिशवीत जपून ठेवलाय, फोटो हवे असतील तर मागा, पाठवते. भाच्याची ती आखूड बाही उसवली, दोऱ्याची परत लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवून न पिळता वाळवली. वळ्या सगळ्या गेल्या, लोकर परत फुलली. काल रात्री तिचा हातानेच गुंडा केला, सैलसर, आणि मनगटापासून परत टाके घातलेत.