अठरा हजारांचं 'इंजिन'

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. सहाशेच्या वर सभासद, सगळ्यांची नोंद ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठवायच्या प्रोग्रामच्या एकाच फाइलीत. पीककर्जाचं प्रकरण बँकेत द्यायचं तर अर्ज, सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान, अशा पाच पीडीएफ जोडून एक फाइल करावी लागते. हातानं एका माणसामागे पाच-सात मिनिटं जातात, आणि मे महिन्यात आमच्याकडे लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही.

यवतमाळहून एक जण आला. "भाऊ, एक बटन दाबा अन् चहा प्या, सगळ्या फायली तयार." पीडीएफ जोडणारं इंजिन आपण स्वतः लिहिलंय म्हणाला. अठरा हजार रोख, पावती नाही. फाइल पेनड्राइव्हवर नेली, आठवड्यानं आणून बसवली. चाललीही. मी संचालकांसमोर मिरवलो, हे कबूल करतो.

पहिला दणका बँकेतून बसला. एक काका फाइल आपटत म्हणाले, "काऊन गा, माह्या सातबाऱ्यावर हा अर्ज कोनाचा हाय?" अर्ज खरंच यादीतल्या पुढच्या माणसाचा होता. अशा अकरा फायली निघाल्या. विचारलं तर म्हणे तुमचं मशीन स्लो आहे. मी मानलं, कारण मशीन स्लो आहेच.

दुसरा दणका बरोबर नव्वदाव्या दिवशी: 'लायसन्स संपले'. नूतनीकरणाचे बारा हजार, दरवर्षी. लायसन्सचा शब्द आधी कधी निघालाच नव्हता.

भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, सुटीत आला होता. त्यानं कॉम्प्युटरची तारीख महिनाभर मागे नेली आणि बटण दाबलं. चाललं! म्हणजे लायसन्स-बियसन्स काही नाही, कोडात एक तारीख टाकून ठेवलेली. मग 'इंजिन' नावाची फाइल त्यानं कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, चालवली, तर तिनं स्वतःचं खरं नाव सांगितलं: पीडीएफटीके. फुकट मिळणारं साधन, फक्त फाइलीचं नाव बदललेलं. त्याला फायलींची नावं क्रमानं द्यायची, पुढे 'कॅट', 'आउटपुट' आणि नव्या फाइलीचं नाव. एका ओळीचं काम.

फुकटचं साधन वापरलं याचा राग नाही. बसवायची मेहनत असते, तिचे पैसे घ्यावेत. पण दुसऱ्याच्या बैलाला आपला म्हणून दरवर्षी भाडं मागायचं?

अर्ज का बदलले तेही भाच्यानं दाखवलं. ॲक्सेस रिपोर्टची, म्हणजे आमच्या अर्जाची, पीडीएफ स्वतः काढतं, पण पीडीएफ जोडणं त्याला येत नाही. ते बाहेरच्या प्रोग्रामकडून करून घ्यावं लागतं. ॲक्सेसमध्ये कोड लिहायची भाषा व्हीबीए, तिच्यातली 'शेल' कमांड तो प्रोग्राम सुरू करते आणि त्याचं काम संपायची वाट न पाहता पुढे जाते. या पठ्ठ्यानं प्रत्येक अर्जाला एकच तात्पुरतं नाव ठेवलेलं दिसत होतं. एकाची जोडणी व्हायच्या आत पुढच्याचा अर्ज त्याच नावावर चढायचा. प्रत्येकाला सभासद क्रमांकाचं नाव दिलं आणि काम संपेपर्यंत थांबायला लावलं, की मिटलं.

पण दुरुस्त करायचं कुठे? त्या यवतमाळवाल्यानं आमची फाइल एसीसीडीई, म्हणजे ॲक्सेसची कुलूपबंद फाइल, करून परत दिली होती. तिच्यातला कोड वाचता येत नाही, फॉर्म आणि रिपोर्टही बाहेर काढता येत नाहीत. टेबलं तेवढी नव्या फाइलीत ओढता आली. बाकी सगळं आम्ही मामा-भाच्यानं चौदा दिवस बसून पुन्हा बनवलं. जुनी मूळ फाइल त्या माणसानं 'गोंधळ नको' म्हणून माझ्यासमोर पुसली होती, आणि मी मान डोलावली होती! कोणी असं काम करून देत असेल तर एसीसीडीबी, म्हणजे कुलूप न लावलेली, फाइलच मागा, आणि पैसे देण्याआधी ती दुसऱ्या मशीनवर उघडून कोड दिसतो का ते बघा.

पैसे गेले ते गेले. झोप उडते ती पेनड्राइव्हमुळे. सहाशे लोकांचे आधार आणि खाते क्रमांक त्यावर गेले आणि ते मीच माझ्या हातानं दिले. पुसले का, हे विचारायला तीनदा फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा म्हणाला, "आधी लायसन्स भरा भाऊ, मग बोलू."