पुणे–लोणावळ्यावर गाड्या आणायच्या कशा: ट्रेन्झचं पोर्टल की ओपन रेल्सचं टाइमटेबल?

ट्रेन्झ आणि ओपन रेल्स हे संगणकावर रेल्वे चालवायचे सिम्युलेटर. त्यांत पुणे–लोणावळा मार्ग उभा राहिला, सिग्नल बसले, की खरं काम सुरू होतं ते गाड्यांचं. गाडी कुठे आणि किती वाजता उगवणार, हे सगळेच ठरवतात. शेवटच्या स्टेशनात पोचल्यावर तिचं काय होणार, हे मात्र फार थोडे जण आधी ठरवतात. सॉफ्टवेअरची निवड या दुसऱ्या प्रश्नावर करावी.

ट्रेन्झमध्ये हे काम पोर्टल करतं. नकाशाच्या टोकाला बोगद्यासारखी वस्तू ठेवायची, तिला रेकची (जोडून तयार केलेल्या गाड्यांच्या संचांची) यादी द्यायची, दोन गाड्यांमधलं अंतर मिनिटांत सांगायचं आणि बाहेर पडणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला आज्ञा लावून द्यायच्या: अमुक ट्रॅकमार्कवरून (रुळावर ठेवलेल्या खुणेवरून) जा, तमुक ठिकाणी थांब, पलीकडच्या पोर्टलमध्ये शीर. तिथे शिरली की गाडी संपली. तासाभरात रूळ हलते होतात, आणि ज्याला स्वतः एकच गाडी चालवताना शेजारच्या लाइनवर वर्दळ हवी आहे, त्याला एवढं पुरतं.

अडचण येते ती वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एकाच लाइनवर आल्या की. पुणे–लोणावळा अंतर सुमारे 64 किलोमीटर, मध्ये शिवाजीनगर ते मळवली अशी 15 स्टेशनं. सगळीकडे थांबणारी लोकल साधारण 80 मिनिटं घेते, मोजके थांबे घेणारी एक्स्प्रेस 50 च्या आसपास. म्हणजे पूर्ण मार्गावर 30 मिनिटांचा फरक. पोर्टलने लोकलमागे 15 मिनिटांनी एक्स्प्रेस सोडली, तर ती अर्ध्या वाटेवर, तळेगावच्या आसपास, लोकलच्या शेपटाला येऊन लागते आणि पुढे लोणावळ्यापर्यंत पिवळे सिग्नल बघत रखडते. मिनिटांचं अंतर मोजणाऱ्या पोर्टलला पुढची गाडी कोणती, याची जाण नसते. शिवाय दर 15 मिनिटांना एक लोकल म्हणजे एका दिशेला एका वेळी पाच-सहा गाड्या. दोन्ही दिशा धरल्या तर अकराच्या घरात. जुना संगणक तिथेच धापा टाकतो. अंतर 20-25 मिनिटांवर न्यावं आणि एक्स्प्रेससाठी वेगळं पोर्टल ठेवावं, म्हणजे बरंच सुधारतं. ट्रेन्झचे एआय (म्हणजे संगणकच चालवतो ते) ड्रायव्हर जंक्शनवर भलताच रस्ताही धरतात. त्यावर उपाय म्हणजे ‘थेट जा’ असं न सांगता प्रत्येक फाट्याआधीच्या ट्रॅकमार्कवरून न्यायचं.

ओपन रेल्सचा टाइमटेबल मोड याच्या अगदी उलट आहे. सुरुवातीला कष्टाचा, पण लोकलच्या मार्गासाठी आमचा कौल त्यालाच. शिवाय तो फुकट आहे. एक साधा तक्ता करायचा: प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक गाडी, प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक स्टेशन. वर #पाथ (गाडीचा रुळांवरचा रस्ता), #कन्सिस्ट (इंजिन-डब्यांची जुळणी), #स्टार्ट (सुरुवातीची वेळ) या ओळी, खाली #डिस्पोज (शेवटी गाडीचं काय करायचं). मधल्या घरांत वेळा 24 तासांच्या पद्धतीने, थांबा असेल तर येण्याची आणि सुटण्याची वेळ मध्ये आडवी रेघ देऊन. #स्टार्टमध्ये नुसती वेळ लिहिली तर गाडी त्याच क्षणी प्रकट होते. $क्रिएट जोडून आधीची वेळ दिली तर ती तेव्हापासून फलाटावर उभी दिसते.

खरी गंमत #डिस्पोजमध्ये आहे. घर रिकामं ठेवलं तर गाडी शेवटी नाहीशी होते, म्हणजे पोर्टलसारखंच. $स्टॅटिक लिहिलं तर रेक तिथेच उभा राहतो. लोणावळ्याच्या फलाटावर असं केलंत तर मागून येणारी लोकल होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, अडकेल, म्हणून $स्टॅटिक फक्त सायडिंगला, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळाला. $फॉर्म्स लिहून पुढच्या गाडीचं नाव दिलं, तर तोच रेक परतीची लोकल बनतो. जाणारी 12 मिनिटं उशिरा पोचली की परतीचीही रखडते, आणि तो उशीर दिवसभर पुढे सरकत जातो. रोज चिंचवड-आकुर्डीला लोकलची वाट बघणाऱ्याला रहदारी ओळखीची वाटते ती यामुळे. परतीच्या गाडीचा पाथ मात्र आधीची गाडी जिथे थांबते त्याच रुळावरून सुरू व्हायला हवा. इंजिनाची गाडी असेल तर $फॉर्म्सला /रनराउंड जोडून इंजिन दुसऱ्या टोकाला न्यायचा पाथही द्यावा लागतो.

लोकल आणि एक्स्प्रेसची गाठही इथे नीट सोडवता येते. लूप (मुख्य लाइनीतून फुटून पुन्हा तिलाच मिळणारा बाजूचा रूळ) असलेल्या स्टेशनात लोकलचा पाथ लूपमधून घ्यायचा आणि तिच्या घरात $वेट लिहून एक्स्प्रेसचं नाव द्यायचं. डेक्कन क्वीन पुण्याहून 07:15 ला सुटते. तुम्ही ती चालवायला घेतली, तर मध्यरात्रीपासून तोवरच्या सगळ्या गाड्या ओपन रेल्स आधी मनातल्या मनात चालवून घेतं. त्यामुळे दिवसातली जितकी उशिराची गाडी निवडाल, तितका सुरू व्हायला वेळ जास्त.

चुका बहुतेक तक्त्यातच होतात. एक्सेल 06:00 चं स्वतःच्या मर्जीने काहीतरी भलतंच करतं, म्हणून सगळे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावेत. फाइल स्वल्पविरामाने तोडलेली असेल तर शेऱ्यात स्वल्पविराम नको, नाहीतर पुढचे रकाने सरकतात. स्टेशनाचं नाव मार्गाच्या डेटाबेसमध्ये जसं आहे अक्षरशः तसंच लिहावं. एक अक्षर चुकलं की गाडी तिथे न थांबता निघून जाते. गाडी दिसलीच नाही, तर डेस्कटॉपवरची लॉग फाइल उघडावी. बहुतेक वेळा पाथचं किंवा कन्सिस्टचं नाव चुकल्याचं तिथे लिहिलेलं असतं.

ओपन रेल्समध्येच जुनी ॲक्टिव्हिटी पद्धतही आहे: सर्व्हिसेस (एकेका गाडीच्या फेऱ्या) बनवा, त्या ट्रॅफिकमध्ये वेळेनुसार टाका. घडामोडी आणि निरोप असलेला एखाद-दोन तासांचा प्रसंग रचायचा असेल तर तीच घ्यावी, कारण टाइमटेबल मोडमध्ये त्या घडामोडी चालत नाहीत. दिवसभराच्या लोकल तिच्यात भरायला जाऊ नये.

ज्यांना गाडी चालवायचीच नाही, फक्त सिग्नल केबिन सांभाळायची आहे, त्यांनी सिमसिग हा सिग्नल केबिनचा सिम्युलेटर पाहावा. त्यातली केंद्रं ब्रिटनची आहेत, पण एक सोय इतरांनी घ्यावी अशी: एखादी मालगाडी ‘गरजेनुसार’ ठरवून ती येण्याची शक्यता टक्क्यांत देता येते.

मार्ग कर्जतपर्यंत वाढवणार असाल तर निर्णय आपोआप टाइमटेबलकडे झुकतो. बोर घाटाचा चढ 37 ला 1 (37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर) आहे आणि पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. बँकरच्या #डिस्पोजमध्ये $अटॅच, मुख्य गाडीला कर्जतचा थांबा, लोणावळ्याच्या घरात मागची इंजिनं सोडणारं $डिटॅच, आणि त्यालाच $फॉर्म्ससारखं /फॉर्म्स जोडून बँकरची परतीची फेरी. ही जोडणी आधी फक्त दोन रकान्यांच्या वेगळ्या फाइलमध्ये चालवून पाहावी. 40 गाड्यांच्या तक्त्यात ती बिघडली, तर मागचा सगळा घाट तुंबतो आणि मूळ चूक कुठे आहे ते सापडत नाही.