डिमरवर कोणता बल्ब लावावा? नागपूरच्या घरांसाठी तुलना

बैठकीच्या बोर्डावर उजेड कमी-जास्त करणारा गोल घुंडीचा डिमर आहे. पिवळा बल्ब होता तोवर सगळं सुरळीत होतं. आता एलईडी लावला तर तो लुकलुकतो, गुणगुणतो, नाहीतर घुंडी अर्ध्यावर आली की एकदम विझतो. महालातल्या जुन्या वाड्यात असो की बेसा-मनीषनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये, तक्रार हीच असते. लोक मग बल्ब बदलत राहतात. माझं म्हणणं आहे की बल्ब आणि डिमर ही जोडी आहे आणि ती जोडी म्हणूनच निवडायला हवी.

घरगुती डिमर व्होल्टेज सरसकट कमी करत नाही. आपल्याकडची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. तिच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा एक भाग डिमर कापून टाकतो, म्हणजे बल्बची वीज सेकंदाला 100 वेळा तुटते आणि जोडली जाते. साध्या बल्बची तापलेली तार एवढ्या क्षणात थंड होत नाही, म्हणून डोळ्याला काही कळत नाही. एलईडीच्या आत मात्र ड्रायव्हर नावाचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला अशी कापलेली वीज समजून घ्यायची सोय आधीच करून ठेवावी लागते. ती नसेल तर सर्किट कधी सुरू, कधी बंद होतं. लुकलुक होते ती यामुळेच.

साधा पिवळा बल्ब

डिमिंगच्या गुणवत्तेत आजही याच्या पुढे कोणी नाही. अगदी शून्यापासून प्रकाश हळूहळू चढतो, मंद करताना आणखी तांबूस होतो आणि कोणताही डिमर याला चालतो. फार तर तार किंचित गुणगुणते. मंद ठेवला तर आयुष्यही वाढतं. पण वीज? 60 वॅटचा बल्ब रोज 5 तास चालला तर महिन्याला 9 युनिट होतात. तेवढाच किंवा जास्त उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. डिमर लावला म्हणजे बचत झाली, हा समजही खरा नाही, कारण उजेड अर्धा केला तरी तारेची वीज जवळजवळ पाऊणपट जातेच. शिवाय त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन त्याच खोलीत राहते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना ती कोणाला हवी? देवघरात किंवा एखाद्या कोपऱ्यात रोज थोडाच वेळ लागणार असेल तर ठेवा. बैठकीत नको.

हॅलोजनची गोष्ट बरीचशी अशीच, थोडा जास्त उजेड, पण काच बरीच जास्त तापते. फॉल्स सीलिंगमधले 12 व्होल्टचे छोटे हॅलोजन ट्रान्सफॉर्मरवर चालतात, त्यामुळे डिमर त्या ट्रान्सफॉर्मरशी जुळावा लागतो. नवीन घरात ते घेण्याचं कारण मला दिसत नाही.

सीएफएल डिमरवर लावूच नका. बहुतेक सीएफएल त्यासाठी बनलेलेच नव्हते. आतलं सर्किट तापून खराब होतं, आणि फुटला तर पारा आहेच. चोकच्या ट्यूबलाइटला आणि साध्या एलईडी बॅटनलाही हाच नियम.

एलईडी

इथे खरी निवड आहे. दुकानात समोर येतो तो बहुतेक नॉन-डिमेबल असतो. खोक्यावर ‘डिमेबल’ असं छापलेलं नसेल तर तो डिमरसाठी नाही असंच धरा. थोडा वेळ चालला म्हणून फसू नका, ड्रायव्हर हळूहळू मार खात असतो.

डिमेबल एलईडी महाग असतो आणि बर्डी किंवा इतवारीत गेलात तरी प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, मागवावा लागतो. तरी तो आणला आणि जुन्या डिमरवर लावला तरी त्रास होऊ शकतो, आणि याचं कारण फार कमी लोक सांगतात. जुने डिमर एकूण 400 किंवा 650 वॅटपर्यंतच्या साध्या बल्बांसाठी बनलेले. त्यांना नीट चालायला किमान लोडही लागतो, अनेकदा 40 ते 60 वॅट. 9 वॅटचे चार एलईडी मिळून 36 वॅट. डिमरला हा लोड पुरतच नाही, म्हणून खालच्या टोकाला दिवे थरथरतात.

उपाय म्हणजे एलईडीसाठीचा डिमर, जो लहरीचा मागचा भाग कापतो. दुकानात ‘ट्रेलिंग एज’ किंवा ‘एलईडी डिमर’ म्हणून मागा. जुना ‘लीडिंग एज’, म्हणजे लहरीचा पुढचा भाग कापणारा डिमर लहरीच्या मध्येच एकदम वीज सोडतो आणि तो झटका ड्रायव्हरला बसतो. ट्रेलिंग एजमध्ये वीज शून्यापासून चढते, म्हणून गुणगुणही कमी.

रंगाचाही विचार करा. साधारण एलईडी मंद केल्यावर तांबूस होत नाही, आहे त्याच रंगात फिका पडतो. आपल्याकडे घरोघरी 6500 केल्विनचा पांढराशुभ्र उजेड आवडतो, पण तो मंद केला की खोली राखाडी आणि उदास वाटते. डिमरवर लावायचा असेल तर 2700 किंवा 3000 केल्विनचाच, म्हणजे पिवळसर उजेडाचा घ्या.

डिमर टाळून

स्मार्ट बल्ब स्वतःच मंद होतो, मोबाइलवरून. तो साध्या बटणावर लावायचा, डिमरवर कधीही नाही. तीन पायऱ्यांचा बल्बही मिळतो. तेच बटण बंद-चालू केलं की उजेड बदलतो, वेगळी वायरिंग नाही, ड्रायव्हरवर कापलेल्या विजेचा ताण नाही. घुंडीची मजा त्यात नाही हे मान्य, पण झोपायच्या खोलीला आणखी काय हवं? फक्त रात्रीपुरता मिणमिणता उजेड पुरत असेल तर अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट बल्ब घ्या. जुना ‘झिरोचा बल्ब’ नावालाच झिरो, तो साधारण 15 वॅट घेतो.

आपल्याकडच्या दोन गोष्टी

लाइन गेली की घरं इन्व्हर्टरवर जातात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर डिमर बिघडल्यासारखा वागतो, कारण त्याला अपेक्षित असलेली गोल लहर तिथे नसते. इन्व्हर्टरच्या लाइनवर डिमर असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्ह हवा, नाहीतर ते दिवे त्या लाइनवरून काढा. दुसरी गोष्ट उन्हाची. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली, फॉल्स सीलिंगच्या बंद पोकळीत एलईडीचा ड्रायव्हर लवकर जातो. तिथे वेगळा ड्रायव्हर असलेले दिवे बरे, जळाला तर तेवढाच बदलता येतो. त्यांना डिमर लावायचा तर ड्रायव्हरही डिमेबल हवा.

पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावणं हा एक घातक शॉर्टकट आहे. मॉड्यूलर बोर्डात दोघे सारखेच दिसतात, पण पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात आणि तो पंख्यासाठीच बनलेला असतो.

घरात जुना डिमर आहे आणि नव्याने वायरिंग करायची नाही, तर मी डिमर काढून टाकून साधं बटण आणि तीन पायऱ्यांचा बल्ब सुचवेन. नव्याने वायरिंग होत असेल आणि बैठकीत मंद उजेडाची खरोखर हौस असेल, तर ट्रेलिंग एज डिमर आणि एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे डिमेबल एलईडी घ्या. सगळे एकदम घेऊ नका. एक आणा, संध्याकाळी कूलर चालू असताना घुंडी अगदी खालपर्यंत फिरवून पाहा, एकदा इन्व्हर्टरवरही पाहा. बाकीचे त्यानंतर घ्या, आणि बदलून देण्याचं दुकानदाराकडून पहिल्याच बिलावर लिहून घ्या.