साब ९०० टर्बो: दोन आसनांमधली किल्ली

साब ९०० या स्वीडिश मोटारीत पहिल्यांदा बसणारा माणूस हातात किल्ली घेऊन स्टीयरिंगच्या आसपास बराच वेळ चाचपत राहतो. किल्लीची खाच तिथे नसतेच. ती दोन आसनांच्या मध्ये, गियरच्या दांड्यामागे असते, आणि गाडी बंद केल्यावर रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली बाहेर निघत नाही. गोथेनबर्गमधील एका सहकाऱ्याची १९९० सालची ९०० टर्बो मला दोन दिवस चालवायला मिळाली आणि मी ती ई-४५ महामार्गाने थेट तिच्या गावी, ट्रोलहेटानला, घेऊन गेलो. तिथला कारखाना आता साब गाड्या बनवत नाही. कंपनीचे संग्रहालय मात्र शाबूत आहे.

किल्लीच्या या जागेला हौस किंवा लहर म्हणणे सोपे आहे. पण अपघातात चालकाचा गुडघा नेमका स्टीयरिंगच्या दांड्याजवळच्या किल्लीवर आपटतो, म्हणून ती तिथून हलवण्यात आली. आणि कुलूप स्टीयरिंगऐवजी गियरला लावल्याने चोराला गाडी ढकलून नेणे अवघड होते, शिवाय हँडब्रेक गोठवणाऱ्या थंडीत उभी गाडी आपोआप गियरमध्ये राहते. ९०० चे परीक्षण करायचे तर प्रत्येक विचित्र गोष्टीपाशी थांबून ‘असे का?’ हे विचारावे लागते, आणि उत्तर बहुतेक वेळा मिळते. इंजिन तिरके आणि उलटे बसवले आहे, म्हणजे क्लचची बाजू रेडिएटरकडे; त्यामुळे इंजिन न उतरवता क्लच बदलता येतो. दाराचा खालचा भाग उंबरठ्यावरून खाली येतो, त्यामुळे चिखलाच्या दिवसांत उतरताना पँटची मागची बाजू उंबरठ्याला घासून मळत नाही. (पुण्याच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला हे एकच कारण गाडी आवडायला पुरेसे आहे.) मागची आसने दुमडली की सपाट आणि भलीमोठी जागा तयार होते, जी बाहेरून पाहताना अजिबात जाणवत नाही. काच उभी आणि वळणदार असल्याने विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्याचा भास होतो, आणि तो भास खोटा नाही.

आपल्याकडे साब हे नाव वर्तमानपत्रांत येते ते ग्रिपेन या लढाऊ विमानामुळे, आणि मोटारींचा जन्मही विमानांच्याच घरात झाला. १९३७ साली स्थापन झालेल्या या कंपनीला युद्ध संपताना दुसरे काम हवे होते. गुन्नार युंगस्ट्रॉम या अभियंत्याच्या हाताखाली आणि सिक्स्टेन सासोन याच्या रेखाटनांवरून जो पहिला नमुना तयार झाला, तो ट्रोलहेटानच्या संग्रहालयात आजही आहे: काळा, थेंबाच्या आकाराचा, चाके जवळपास झाकलेला. त्यावरून आलेल्या साब ९२ चे उत्पादन १९४९ च्या अखेरीस सुरू झाले. तिच्या दोन स्ट्रोकच्या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळत असे, त्यामुळे उतारावर पाय काढला की इंजिन कोरडे पडण्याचा धोका होता; म्हणून सायकलसारखी फ्रीव्हीलची सोय आली. याच घराण्यातल्या छोट्या गाडीने एरिक कार्लसन याने १९६२ आणि १९६३ मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली.

९०० चालवताना टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, जागा होईपर्यंत गाडी सभ्य, किंचित आळशी वाटते. मग काटा चढतो, पुढची चाके स्टीयरिंग हातातून ओढू पाहतात आणि १७५ अश्वशक्ती म्हणजे काय हे कळते. ब्रेक आणि आसने आजच्या मापानेही उत्तम आहेत. गियर बदलणे मात्र जडशीळ आहे, आणि इंजिनाखाली बसवलेला गियरबॉक्स हा या गाडीचा जुना, सर्वज्ञात कच्चा दुवा आहे; टर्बोचा जोर त्याला पेलवत नाही.

१९७८ ते १९९३ या काळात नऊ लाखांहून अधिक ९०० बनल्या, आणि खरे दुखणे याच आकड्यात आहे. साबचे एका वर्षाचे उत्पादन कधीही दीड लाखापर्यंत पोहोचले नाही. एवढ्या संख्येवर स्वतःचे इंजिन, स्वतःचा सांगाडा आणि स्वतःची उत्तरे शोधण्याचा खर्च भरून निघत नसतो. जनरल मोटर्सने १९८९ च्या अखेरीस निम्म्या हिश्शाचा करार केला आणि २००० मध्ये उरलेला हिस्साही घेतला. साबप्रेमी मंडळी सगळे खापर या अमेरिकन मालकावर फोडतात; माझ्या मते हा मालक आला नसता तर दुकान वीस वर्षे आधीच बंद झाले असते.

परंतु त्याने केलेली चूक वेगळ्या जातीची होती, आणि ती संग्रहालयापेक्षा अमेरिकेत विकल्या गेलेल्या साब ९-७एक्समध्ये अधिक स्पष्ट दिसते. ही ओहायोत बनणारी, मुळात शेव्हरोले ट्रेलब्लेझर असलेली अवजड गाडी. साबपण दाखवण्यासाठी तिची किल्ली तेवढी आसनांच्या मध्ये आणून बसवली. तिच्याच सुमाराची ९-२एक्स ही सुबारू इम्प्रेझा होती आणि लोक तिला उघडपणे ‘साबारू’ म्हणत. २००२ मध्ये आलेल्या नव्या ९-३ मध्ये मागची वर उघडणारी झडपच, जिच्यामुळे सामानाला ती मोठी, सपाट जागा मिळे, काढून टाकली गेली. म्हणजे ज्या सोयीसाठी प्राध्यापक आणि वास्तुरचनाकार ही गाडी घेत, ती गेली आणि किल्लीची जागा शिल्लक राहिली. रात्री डॅशबोर्डवरचे अनावश्यक दिवे विझवणारे बटण मात्र टिकले, हे नमूद केले पाहिजे. अंधाऱ्या रस्त्यावर त्याचा खरोखर उपयोग होतो.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. २०१० च्या सुरुवातीला स्पायकर या चिमुकल्या डच कंपनीने साब घेतली, २०११ च्या वसंतात पुरवठादारांची बिले थकल्याने कारखाना थांबला, चिनी गुंतवणुकीला तंत्रज्ञानाचे परवाने देण्यास जुन्या मालकाने, म्हणजे जनरल मोटर्सने, नकार दिला आणि १९ डिसेंबर २०११ रोजी दिवाळखोरी जाहीर झाली. संग्रहालयातल्या गाड्याही विक्रीला निघाल्या होत्या. नगरपालिका आणि वॉलेनबर्ग या स्वीडिश उद्योगपती घराण्याचे प्रतिष्ठान पुढे आल्याने त्या गावातच राहिल्या.

आज ९०० घ्यावी का? युरोपात राहणाऱ्या, हाताने काम करण्याची आवड असलेल्या माणसाने जरूर घ्यावी. झिजणारे सुटे भाग पूर्वी ओरिओ नावाने चालणाऱ्या स्वीडिश कंपनीकडून आणि इतरांकडून अजून मिळतात; आतल्या सजावटीचे तुकडे मिळवायला मात्र भंगारवाडे पालथे घालावे लागतात. पाहायला जाल तेव्हा दारांच्या खालच्या कडा आणि चाकांवरच्या कमानी गंजासाठी बोटाने तपासा, गाडी चालत असताना गियरबॉक्सची घरघर ऐका, आणि टर्बोच्या मोहात न पडता साधी, बिनटर्बोची एखादी गाडीही चालवून पाहा. तिचा गियरबॉक्स जास्त टिकतो, आणि किल्ली तिचीही तिथेच असते.